सर्दीवाल्याचा आल्बम आणि पौषातला हुरडा

डिसेंबर संपत आला की परदेशातल्या संगीताच्या वेबसाइटांवर एक यादी येते. नव्या वर्षात कोणाकोणाचे आल्बम येणार, कधी येणार, का येणार. मी सावेडीतल्या ज्या पतसंस्थेत काउंटरला बसते तिथे जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सुनांचा विषय काढतात, आणि मी एका हाताने मेथी-भाकरी खात दुसऱ्या हाताने ती यादी वर सरकवत असते. मग दादाला फोन लावते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेवगावच्या पुढे आमच्या गावात शेती बघतो आणि हंगामात स्वतःच्या ट्रॅक्टरने कारखान्याला ऊस वाहतो. मी फोन करते तेव्हा तो हमखास कारखान्याच्या आवारात, भरलेल्या गाड्यांच्या रांगेत, नंबर लागायची वाट बघत पडलेला असतो. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"हां, वाच," तो म्हणतो.

मी वाचते. बँडची खरी नावं दादाच्या जिभेवर बसत नाहीत आणि बसवायची त्याला हौसही नाही. त्याने सगळ्यांची आपल्या पद्धतीने बारशी केली आहेत. नाक चोंदल्यासारखा गाणारा तो सर्दीवाला. मोठ्या काचांचा चष्मा लावून एकटीच गिटार घेऊन बसणारी ती चष्मेवाली. एक तिघांचा बँड आहे, त्यांचं गाणं सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की त्यांचं नाव पडलं थंडीतला ट्रॅक्टर.

"थंडीतला ट्रॅक्टर मार्चमध्ये येतोय म्हणे," मी सांगते.

"नक्की? का ती बी कारखाना सुरू व्हायची तारीख हाय?"

कारखाना सुरू व्हायची तारीख दरवर्षी जाहीर होते आणि दरवर्षी पुढे जाते, त्यामुळे जगातल्या कुठल्याच तारखेवर दादाचा भरवसा राहिलेला नाही. गिटारवाले लोकही याच बाबतीत कारखानदारांच्या वरताण आहेत. जानेवारीचा आल्बम जूनला ढकलतील आणि वर 'आम्हाला आतून तयार वाटत नव्हतं' असं सांगतील. दादा यावर म्हणतो, आमी असं म्हनलो तर ऊस वाळून काडी होईल.

हे खूळ त्याला माझ्यामुळे लागलं, असं आई सांगते, आणि ते खरं आहे. मी नगरला कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या एका मैत्रिणीने मला पेनड्राइव्ह भरून गाणी दिली होती. इंडी रॉक म्हणजे काय हे मला तेव्हा नीट सांगता येत नव्हतं आणि आताही येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता, घरातल्या घरात गिटार-ड्रम वाजवून, आपल्याच दुःखाची थट्टा करत गाणारी माणसं, एवढं समजलं तरी पुरे. सुट्टीला घरी आले तर दादाने तो पेनड्राइव्ह भजनांचा समजून ट्रॅक्टरच्या डेकला लावला. उसाच्या ट्रॅक्टरवरचा डेक ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय सांगू. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी एवढंच समजावं की गाडी गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरतो. कारखान्याच्या रांगेत सगळे ट्रॅक्टर लावण्या आणि हळदीची गाणी वाजवत उभे होते आणि मध्येच हा सर्दीवाला सुरू झाला. शेजारचा ड्रायव्हर उतरून आला म्हणे, तुझ्या टेपात पाणी गेलंय का बघ. दादाने बंद करायला हात नेला आणि तो तसाच राहिला.

"का नाही बंद केलंस?" मी नंतर विचारलं.

"त्यो बी कशाची तरी वाट बघत बसलाय असं वाटलं," दादा म्हणाला.

इंग्रजीचा एक शब्द न कळता त्याने ते बरोबर ओळखलं होतं. ते गाणं खरंच तसंच होतं. मी कॉलेजात त्याचा अर्थ शोधत बसले होते आणि याने रांगेत बसल्या बसल्या निकाल लावला. मला त्या दिवशी दादा इतका आवडला की मी त्याच्या नकळत त्याच्या डब्यात माझ्या वाटणीचा लाडू टाकला.

तेव्हापासून आमचा नियम झाला. नवा आल्बम आला की पहिल्यांदा दोघांनी मिळून ऐकायचा, ट्रॅक्टरवर, वस्तीपासून कारखान्यापर्यंत. तो सीटवर, मी डाव्या मडगार्डवर, डोक्याला ओढणी गुंडाळून, मागे दोन ट्रेलर ऊस. आधी एकट्याने ऐकायचा नाही, चोरून तर नाहीच नाही. त्या रस्त्याला आल्बमची मापंही ठरली. गेट येता येता संपला तर तो खेपेचा आल्बम, म्हणजे उत्तम. आधीच संपला तर पोकळ. गेटवरही चालूच असेल तर त्याला आवरता येत नाही, असं दादाचं मत. मी त्यावर पुण्या-मुंबईच्या जाणकारांचे लेख वाचून वाद घालायचे आणि हरायचे.

माझं लग्न झाल्यावरही हे थांबलं नाही. दर जानेवारीत मी संक्रांतीचं वाण घ्यायला माहेरी जाते असं सासरी सांगते. आमचे हे हसतात. त्यांना माहीत आहे की वाण कसलं आहे.

गेल्या दिवाळीत मात्र दादाने नियम मोडला. सर्दीवाल्याचा आल्बम कित्येक वर्षांनी येणार म्हणून बातमी फुटली होती आणि त्यातलं एक गाणं दसऱ्याच्या सुमारास आधीच बाहेर आलं होतं. मी कान बांधून बसले होते. भाऊबीजेला मी ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि दादा पाटावर बसून शीळ वाजवतोय. सूर सर्दीवाल्याचा, पण मी कधीच न ऐकलेला. माझा हात ताटासकट हवेत थांबला.

"हे कुठलं?"

"काय कुठलं?" दादाने डोळे मिटून घेतले, जणू देव आठवतोय.

"तू ऐकलंस!"

"नुसता नमुना हुता गं. माल न्हाई आला अजून."

आई म्हणाली, आधी ओवाळ, मग मारामारी करा. मी ओवाळलं, पण साखर तोंडात घालताना चमचा जरा जोरातच घातला. त्याच पाटावर त्याच्याकडून शपथ घेतली की आल्बम आला की माझ्याशिवाय एक सूरही ऐकणार नाही. त्याने घेतलीही. आल्बम जानेवारीतल्या एका शुक्रवारी येणार होता.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती या सगळ्याहून मोठी होती. दादाचं लग्न जमत नव्हतं. छत्तिशी गाठली होती, शेती बागायती, जायकवाडी धरणाच्या फुगवट्यामुळे विहिरीला बारमाही पाणी, माणूस निर्व्यसनी, आणि तरी मुलीवाले येऊन चहा पिऊन निघून जात. आधी विचारत नोकरी आहे का. नाही म्हटलं की कप खाली. एका ठिकाणचं तर अगदी जमत आलं होतं; पण मंडळी वस्तीवर आली तेव्हा दादा ट्रेलर लावत होता आणि डेकवर चष्मेवाली हुंदके देत होती. मुलीच्या काकांनी माझ्या मामांना बाजूला घेऊन विचारलं, मुलगा डोक्याने बरा आहे ना. ते स्थळ गेलं. आईने त्या दिवसापासून डेकचं नाव 'ती अवदसा' ठेवलं.

मला दादाचं लग्न व्हायला हवं होतं. आई थकली होती, घरात दोनच माणसं, रात्री दादा आला की ती झोपलेली आणि ती उठली की हा गेलेला. मी ओळखीपाळखीत, पतसंस्थेत, अगदी पासबुक भरायला येणाऱ्या बायकांपाशीसुद्धा विषय काढत असे. आल्बमपेक्षा ही इच्छा मोठी आहे, असं मला कोणी विचारलं असतं तर मी बेधडक हो म्हटलं असतं.

मामांनी जामखेडकडचं एक स्थळ आणलं. मुलगी तिशीची, अंगणवाडीत कामाला. आई-वडील कित्येक वर्षं ऊसतोडीला जात होते, आता वडिलांची पाठ गेल्याने घरीच. आई एकदम राजी झाली आणि एकदम अडलीही, कारण महिना पौष.

"पौषात कुनी पोरगी दाखवतं का?" ती म्हणाली. "लोक शेण घालतील तोंडात."

मामांनी तोड काढली. बघण्याचा कार्यक्रम नाहीच. मंडळी हुरडा खायला येतील. ज्वारी हुरड्यावर आली होती, पाहुणे हुरड्याला येतातच, आणि हुरड्याला पौष लागत नाही. कांदेपोहे करायचे नाहीत म्हणजे बघणं होत नाही. वार ठरला शुक्रवार. सर्दीवाल्याचा शुक्रवार.

दादाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "मंडळी गेल्यावर संध्याकाळची खेप हाय. तेव्हा ऐकू. आईला बोलू नको." मलाही तेच हवं होतं. अर्धा दिवस हुरडा, मग सर्दीवाला. वर्षाची सुरुवात याहून चांगली काय होणार.

शुक्रवारी सकाळी आल्बम माझ्या फोनमध्ये उतरला तेव्हा मी शेवगावच्या एस.टी.त होते. फोन पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले. शेजारच्या बाईंना वाटलं असणार की मी सोनं घेऊन चाललेय.

वस्तीवर पोचले तर आई दादाला दम भरत होती. "अवदसा बंद म्हंजे बंद. आज कळ काढ." दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, बिचारा, मांजरीसारखा गप्प. सकाळी टोळीने आमचाच ऊस तोडून दोन्ही ट्रेलर भरले होते आणि गाडी बांधाच्या कडेला तयार होती. त्याची नजर आईकडे कमी आणि गाडीकडे जास्त. आल्बम त्यानेही सकाळीच पेनड्राइव्हवर घेऊन, न ऐकता, डेकला खोचून ठेवला होता.

मंडळी आली. मुलगी, तिचे आई-वडील आणि त्यांना घेऊन आमचे मामा. आंब्याखाली आगटी पेटली होती, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजत होती, आणि सगळेजण आपण नुसते हुरडा खायलाच जमलोय असं वागत होते. मी असा अवघडलेला हुरडा जन्मात खाल्ला नाही. एरवी मुलीवाले विचारतात जमीन किती, कर्ज आहे का, आईचा स्वभाव कसा. इथे कोणी काही विचारूच शकत नव्हतं, कारण विचारलं की बघणं झालं आणि पौष लागला. मुलीचे वडील म्हणाले, ज्वारी गोड हाय. आई म्हणाली, मालदांडी हाय.  मामा गरम कणसं चोळून दाणे ताटात टाकत होते आणि बोटं भाजली तरी चेहरा हसरा ठेवत होते.

मुलीला दादाशी बोलायला कोण पाठवणार? 'दोघांना जरा बोलू द्या' हे वाक्य तर सर्रास बघण्याच्या कार्यक्रमातलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि आईने डोळ्यांनीच ते बंद केलं. दादा शेंगदाण्याच्या चटणीकडे बघत होता. मला कळत होतं की हेही स्थळ चटणी खाऊन उठणार.

तेवढ्यात मुलगी स्वतःच उठली. हात झटकत म्हणाली, "ट्रॅक्टर बघू का?"

सगळे थांबले. घर बघू का, विहीर बघू का हे चालतं. ट्रॅक्टर बघू का हे कोणी विचारत नाही. तिची आई घाईने म्हणाली, "ल्हानपनी सगळे हंगाम हिनं ट्रॅक्टरमागंच काढलेत. सवय हाय."

"डेक लावला तर झोप लागायची मला," मुलगी म्हणाली. "तोडीवर पाचटाच्या कोपीत निजायचो, थंडी लई असायची. गाडी आली की आवाज यायचा, मग बरं वाटायचं. तुमच्या गाडीला डेक हाय का?"

आईने डोळे मिटले. दादाने माझ्याकडे बघितलं.

ती नजर मला पाठ आहे. लहानपणी तो चिंच पाडायला वर चढायचा आणि खालून मी 'टाक' म्हणेपर्यंत थांबायचा, तीच. मी मान हलवली. जा.

दोघं बांधाकडे गेली. ती डाव्या मडगार्डवर चढून बसली, एकदम सराईतासारखी, साडी खोचून. माझ्या जागेवर. दादा सीटवर चढला आणि डेककडे वाकला. मी आगटीपाशी हातातलं भाजलेलं कणीस पुन्हा निखाऱ्यात खुपसलं. मला त्याचं लग्न हवं होतं ना? मग आता हे काय? मी स्वतःवरच चिडले. पण खरं सांगते, त्या क्षणी ती मुलगी परत आमच्यात येऊन गप्प हुरडा खात बसली असती तर मला चाललं असतं.

डेक मात्र लागला नाही. दादा खाली उतरला आणि थेट आमच्याकडे चालत आला. आईला वाटलं बिघडलं काहीतरी. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "चल."

"कुठे?"

"तुझ्याबिगर कसं लावू? शपथ हाय. उजवं मडगार्ड मोकळं हाय."

आई, मामा, मुलीचे आई-वडील, सगळे आमच्याकडे बघत होते. मी उठले असते. पाय उठायलाच निघाले होते. तिकडे मडगार्डवर ती मुलगी आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि उसाच्या एका कांड्यावरचं पाचट सोलत होती, अगदी शांत, कसलीच घाई नसल्यासारखी.

"दोघांनी ऐकायचं असा नियम आहे," मी म्हटलं. "तिघांचा नाही. आणि मला हुरडा निवडायचाय. जा, लाव."

"तू रुसलीस."

"रुसले. जा आता."

तो गेला. मग सर्दीवाला सुरू झाला. आवाज दादाने लाजून अर्धाच ठेवला होता, त्यात वारं, त्यात मामांचं खोकणं. मी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले, कारण असा तुकड्यातुकड्यांत ऐकायचा नव्हता मला. मुलीच्या आईने काळजीने विचारलं, "कान दुखतोय व्हय? लसणाचं तेल घाला." मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यालाही कारण मिळालं.

पहिलं गाणं संपलं आणि डेक बंद झाला. दोघं तिथेच बसून बोलत राहिली, चांगला वेळ. नंतर मंडळी उठली, आईने मुलीच्या ओंजळीत तिळाची वडी ठेवली, आणि कोणीच कोणाला 'कळवतो' म्हणालं नाही, कारण कळवायचं कशाचं, हुरड्याचं? त्यांची जीप गेली तशी आई माझ्यावर आली. "तूच फूस दिलीस त्याला. गेलं हे बी स्थळ. इंग्रजी ऐकवलं पोरीला!"

दादा खेप घेऊन निघाला. मला चल म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. मी भांडी घासली, आगटीवर पाणी मारलं, आईच्या शिव्या ऐकल्या.

दिवेलागणीला कारखान्याच्या रांगेतून त्याचा फोन आला. मागे इतर गाड्यांचे डेक दणाणत होते.

"कसा वाटला तिला?" मी विचारलं.

"काईच कळलं न्हाई म्हनली. त्यो रडतोय का गातोय, ते बी कळलं न्हाई म्हनली."

"मग?"

"मग मी दुसरं गाणं लावाय लागलो तर तिनं हात धरला. बाकीची आत्ता नको म्हनली. पुढच्या वेळी ऐकू. तवर तुमी एकट्यानं ऐकायची न्हाईत."

 त्याच्या बाजूला सगळ्या गाड्या वाजत होत्या आणि त्याची एकटीच गप्प होती, हे मला आता फोनवरूनही कळत होतं.

"हाईस का?" दादा म्हणाला. "म्हंजे हा होकार हाय ना गं? का नुसतीच बोलली?"

"होकार आहे, येड्या," मी म्हटलं.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मामाचा फोन तर आला नाही, तुला काय स्वप्न पडलं? मी तिला देवापुढे साखर ठेवायला लावली आणि पर्स घेऊन अंगणात खाटेवर येऊन बसले. कानात वायर घातली आणि आल्बम सुरुवातीपासून लावला, एकटीने. नियम आता माझा राहिला नव्हता, त्यामुळे मोडायचीही भीती नव्हती. शेवटपर्यंत ऐकला. इतक्या वर्षांत सर्दीवाल्याने एवढं चांगलं कधी गायलं नव्हतं. सातव्या गाण्यात तर तो एके ठिकाणी असा थांबतो की मी हात फोनच्या बटणाकडे नेला, दादाला सांगायला. आणि मग तसाच खाली घेतला, कारण दादाने अजून ते ऐकलेलं नव्हतं.